उंबऱ्याबाहेरची देसांका

हिवाळ्याच्या सुट्टीत एका वर्षी विदिनच्या व्हेलाने सीमा ओलांडून झायेचारला देसांकाकडे जायचं आणि पुढच्या वर्षी देसांकाने विदिनला यायचं, असा दोघींचा शिरस्ता. एक बल्गेरियन, दुसरी सर्ब. तरुणपणी सीमेवरच्या बाजारात शेजारी शेजारी बसून एकमेकींच्या मिरच्यांना नावं ठेवता ठेवता मैत्री जमली होती. बोली एकमेकींना कळायच्या, पण ऐकून घेणारी दोघींत एकही नव्हती.

यंदा पाळी व्हेलाची होती. देसांकाने मात्र ‘ये’ म्हटलं नव्हतं, आणि का म्हटलं नव्हतं ते व्हेलाला पुरतं ठाऊक होतं.

आमच्याकडे बल्गेरियात नाताळाच्या अलीकडे संत इग्नातचा दिवस येतो. त्या सकाळी घरात जो पहिलं पाऊल टाकेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. व्हेलाकडे हा मान शेजारच्या गेंचोचा. लठ्ठ, नातवंडांनी घर भरलेला माणूस. चुलीतले निखारे ढोसायचा, आशीर्वाद पुटपुटायचा आणि मग वाइन ढोसून घरी जायचा. गेल्या वर्षी व्हेलाची सून इस्क्रा पोटुशी होती. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. घरात सगळे जीव मुठीत धरून वावरत होते.

देसांकाचा नवरा त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत वारला. रिकाम्या घरात करमेना म्हणून ती ठरल्यापेक्षा आधीच निघाली. सर्बांचे सण जुन्या पंचांगाने, आमच्यानंतर तेरा दिवसांनी येतात. त्यामुळे विदिनमध्ये आज इग्नात आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. डोक्याला काळा रुमाल, हातात मधाची बरणी, अशी ती सकाळीच दारात उभी राहिली.

व्हेलाने दार उघडलं आणि मागे वळून पाहिलं. इस्क्रा पोटावर हात ठेवून उभी होती, नजर त्या काळ्या रुमालावर.

“जरा थांब हं, देसांका. आत येऊ नकोस.”

“का गं? फरशी पुसलीयेस की काय?”

व्हेलाने शेजारच्या घराकडे तोंड केलं. कुंपणावरून हाक मारली, “गेंचोभाऊ, उठा की आता. लवकर या.”

देसांका काय ते समजली. तिच्या गावातही हीच रीत, आणि नवरा होता तोवर पहिली पाहुणी म्हणून लोक तिलाच बोलवायचे. ती मुकाट्याने बाजूला सरली. बर्फ पडत होतं. गेंचो पँट सावरत आला, तिच्या शेजारून आत गेला, निखारे ढोसले. मग ती आत आली, हसली, जेवली, इस्क्राच्या हातात मध दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेली. कोंबड्यांना दाणे घालायला कुणी नाही म्हणाली.

नातू झाला, चांगला धट्टाकट्टा. देसांकाने फोनवर “औक्षवंत होवो” एवढंच म्हटलं. जो तो गेंचोचा पायगुण वाखाणत होता आणि व्हेलाला गेंचोचं तोंड बघवेना. बाळाला मांडीवर घेतलं की तिला उंबऱ्याबाहेरची देसांका दिसायची. लाज वाटायची, स्वतःचा राग यायचा.

म्हणून यंदा ती न बोलावता निघाली आणि मुद्दाम सर्बांच्या इग्नातलाच, भल्या सकाळी झायेचारला पोचली. देसांकाने आपल्याला थंडीत उभं करावं, तोंडावर दार लावावं, म्हणजे फिट्टंफाट होईल, असा तिचा हिशेब.

देसांकाने दार उघडलं आणि हाताला धरून तिला सरळ आत ओढलं.

“अगं, आज तुमचा इग्नात,” व्हेला म्हणाली. “बाहेर उभी कर मला. निदान शिव्या तरी दे.”

“या घरात आता कुणाचं काय बिघडायचं राहिलंय? बस. कॉफी ठेवते.”

व्हेलाला रडू आवरेना. “माझं चुकलं गं.”

“चुकलं कसलं? मीही तेच केलं असतं.” देसांकाचा आवाज अगदी साधा होता, रुसवा नाही, टोमणा नाही. “सणाला मी आता कुणाकडेच जात नाही. लोकांना उगाच दारात अवघडायला नको.”

हे ऐकण्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली बरी, असं व्हेलाला झालं. तिने देसांकाचा हात घट्ट धरला.

“पुढच्या इग्नातला माझ्याकडे ये. सगळ्यांच्या आधी. गेंचोला मी कोंडून ठेवते हवं तर. पहिलं पाऊल तुझंच पडायला हवं.”

देसांकाने हळूच हात सोडवून घेतला आणि कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

“नको गं,” ती म्हणाली. “तुझा नातू लहान आहे अजून.”