सुट्टीवर आलेली खेळणी

बालवाडीत आठवणी जमवाव्या लागत नाहीत. कोपरा झाडला की खेळायचे गजगे निघतात, तसे किस्से निघतात! सत्तरच्या दशकात कोरेगावजवळच्या एका गावात मी बालवाडी चालवायची. गावातले निम्मे बाप फौजेत. वर्षातून एकदा ट्रंकेत खेळणं घेऊन सुट्टीवर यायचे, आणि पोरगं ओळखच द्यायचं नाही! सुट्टी संपायच्या आत पोरानं मांडीवर बसावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

*

शंकररावांनी किल्लीचं माकड आणलं. माकडानं ढोल बडवला मात्र, त्यांचा बंडू किंचाळून माझ्या पदरात शिरला. मी म्हटलं, "भाऊ, सगळं माकडच खेळतंय. पोरानं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी ते हात हलवत आले. बंडूनं त्यांचे काढलेले बूट पळवले, त्यात खडे भरले आणि ओरडला, "ट्रक!" शंकरराव अनवाणी घरी गेले, पण काय खूश होते!

*

दुसऱ्या एकानं तीनचाकी सायकल आणली. पोरानं ती उलटी केली, चाक गरगर फिरवलं आणि त्यात गवत सारायला लागला.

"आरं, वर बसायचं असतंय तिच्या!" बाप कळवळला.

पोरानं करवंटी पुढं केली. "उसाचा रस प्या!"

बापानं रिकामी करवंटी तोंडाला लावली आणि म्हणाला, "लिंबू न्हाई व्हय पिळलंस?" मला तर त्यालाच बालवाडीत घ्यावंसं वाटलं.

*

सुमनच्या वडिलांनी डोळे मिटणारी बाहुली आणली. "मोडंल!" म्हणत आजीनं ती फळीवर ठेवली. बारशाला पाळण्यात वरवंटा घालतात, ते सुमननं पाहिलं होतं. तिनं घरचा वरवंटाच फडक्यात गुंडाळून बालवाडीत आणला. चटणी वाटायला आजी तो शोधत आली, तर ही ओठांवर बोट ठेवून म्हणते, "आत्ताच निजलंय!"

त्या दिवशी त्यांच्या घरी सगळ्यांनी कोरडी भाकरी खाल्ली.

*

आणि दत्तूची रंजी. तीन वर्षांची. बापाला 'पावनं' म्हणायची! दत्तूनं चेंडू आणला, शिट्टी आणली, पत्र्याची आगगाडी आणली. पोरगी जवळ येईना.

"बाई, आता कंचं खेळणं आणू? आठवडाच ऱ्हायलाय, मग परत पठाणकोट," तो म्हणाला. डोळे भरलेले.

"काही आणू नका. तिच्या खेळात बसा."

रंजीनं एकामागं एक पाट मांडून एसटी केली होती. कंडक्टर तीच, तिकिटं पेरूच्या पानांची. दत्तू मागच्या पाटावर बसला.

"कुठं?"

"सातारा."

दुसऱ्या दिवशी फलटण, तिसऱ्या दिवशी आटपाडी. मग तर कंडक्टर प्रवाशाच्या मांडीवर बसूनच तिकिटं फाडायला लागली!

निघायच्या दिवशी ट्रंक बालवाडीच्या दारात ठेवून दत्तू निरोप घ्यायला आत आला. पाट मांडलेलेच होते. तो बसला.

"कुठं?"

त्याला खोटं बोलवेना. "पठाणकोट."

रंजीनं पुढं केलेलं पान मागं घेतलं.

"तिकडं गाडी जात न्हाई. उतरा खाली!"