तो नेम रेखाचा नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सात वर्षं टाळलं. विषय निघाला की उठून बाहेर गेलो, नाहीतर पेपर तोंडासमोर धरला. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे — आणखी किती टाळणार?

घाटनांदुरात मला सगळे गुरुजी म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दवाखान्याचा कागद आला की लोक माझ्याकडे येतात. 'गुरुजी, डाक्टरनी काय लिवलंय, वाचून सांगा.' मी वाचेन ते खरं. या विश्वासाची मला नशा होती, आणि त्या नशेचाच आज सगळ्यात जास्त राग येतो.

रेखा माझी सून. तिशीतच तिचे पाय जड पडायला लागले, एका डोळ्याला अंधुक दिसायला लागलं. शहरातल्या डॉक्टरबाईंनी निदान केलं — मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी ताकदच मेंदूच्या आणि पाठकण्याच्या नसांवर उलटते, असा आजार. मुलगा दत्ता साखर कारखान्यात नोकरीला, म्हणून तपासणीला मीच तिला घेऊन जायचो.

कमी खाल्लं, उपवास केले की हा आजार आटोक्यात येतो, असं कुणीतरी फोनवर पाठवलं होतं. मला केवढा आनंद! चाळीस वर्षं मी सोमवार धरतोय, श्रावणात उपाशीपोटी परळीला जातोय — म्हणजे विज्ञानानं शेवटी माझंच ऐकलं. रेखा तपासणीसाठी रक्त द्यायला गेली तेव्हा डॉक्टरबाईंना हे मी ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, यावर अभ्यास चालू आहेत, पक्कं अजून काही नाही. हिचं वजन आधीच कमी आहे, हिला उपाशी ठेवायचं नाही. तसं इंग्रजीत लिहूनही दिलं. वर दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर हसून म्हणाल्या, "आजोबा, फोनवरचं सगळं खरं नसतं."

एवढंच कारण. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

घरी येऊन रेखासमोर कागद उघडला आणि त्यात नव्हतं ते वाचलं. आठवड्यात दोन दिवस कडक उपवास, बाकी दिवस एक वेळ जेवण.

"मामा, डाक्टरबाई खरंच म्हणल्या का?"

"मग मी काय खोटं वाचतोय का?"

आणि पुढचं तर ठरवून बोललो — घरात कुणाला सांगू नको, नेम बोलून दाखवला की फळत नाही. आपल्याकडे कोणती सून असं ऐकल्यावर तोंड उघडेल?

ती निमूट करत राहिली. साबुदाणासुद्धा नाही. ती जेवत नाही हे बघून भावकीतल्या बायका म्हणायच्या, लई कडक नेम हाय पोरीचा. ते ऐकून मला बरं वाटायचं. तिचे गाल बसले, ती भिंत धरून उठायला लागली. मी सांगितलं, आजार बाहेर पडतोय. हे वाक्य मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. जागच्या जागी घडवलं.

तिसऱ्या महिन्यात न्हाणीत चक्कर येऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरबाई संतापल्या — नको म्हणून लिहून दिलं होतं, मग उपाशी ठेवलं कुणी? रेखानं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. दत्ता शेजारीच उभा होता.

"माझाच नेम होता, मॅडम," ती म्हणाली.

आणि मी गप्प बसलो. त्या दिवशी गप्प, नंतर दत्ता तिला 'तुझ्याच हट्टानं झालं' म्हणून टोचायचा तेव्हाही गप्प. पाहुण्यारावळ्यांत ती हट्टी ठरली. शेवटी नेकनूरला माहेरी निघून गेली. तिच्या पायांतलं बळ किती आजारानं गेलं आणि किती उपासमारीनं, हे मला सांगता येणार नाही. पण ती पडली ती माझ्यामुळे. दत्ता, हे नीट वाच. तो नेम तिचा नव्हता.

गेल्या चैत्रात बसनं नेकनूरला गेलो. ती ओसरीवर वॉकर धरून उभी होती. पाया पडायला वाकता येईना, म्हणून तिनं नुसते हात जोडले. 'पोरी, मी खोटं वाचलं, मला माफ कर' — सबंध वाटेत हेच पुटपुटत आलो होतो. तोंडातून निघालं, "गोळ्या घेतीस का येळेवर?"

"घेते, मामा."

"बरं," म्हणालो, आणि परतीच्या बसकडे निघालो.