ज्येष्ठा कॅनडात, कनिष्ठा हरिशंकरपुरमात

दोन घरांमध्ये भिंत एकच असली, की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. भिंतीतल्या ओलीसारखे ते आपोआप आपल्या बाजूला उतरतात! इकडे हिंदी मुलखात, आमच्या हरिशंकरपुरमात, माझी आणि सुमनकाकूंची भिंत एकच. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी कमी वाजली तरी इकडे माझ्या जिवाला घोर. आमचे हे म्हणतात, "शोभा, तुला दुसऱ्यांच्या घरात फार इंटरेस्ट." आता यात इंटरेस्टचा काय सवाल? शेजारधर्म नावाची काही चीज असते की नाही!

*

लोक लग्नपत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले आणि काकूंच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, जयेंद्रगंजातला छापखाना बसला. पाठोपाठ त्यांच्या मंदारची सिटी सेंटरमधली कंपनीही बंद. शेवटी घर गहाण टाकलं आणि मंदार अन् सून ऋचा कॅनडाला निघाले.

टॅक्सी दारात उभी. तेवढ्यात काकूंनी देवघरातून महालक्ष्मीचा चांदीचा मुखवटा आणला आणि ऋचाच्या पर्समध्ये कोंबला. दोघींमधल्या ज्येष्ठेचा!

"तिकडे कुळधर्म नको का? घरात लक्ष्मी असू दे."

काका ओरडले, "अगं, बहिणी आहेत त्या! एकीला विमानात बसवतेस आणि दुसरीला इथे ठेवतेस?"

"मग दोघी देऊन टाकू? आपण इथे काय पुजायचं, तुमचा छापखाना?"

टॅक्सीवाला बिचारा घड्याळ बघत होता. म्हणाला, "अम्माजी, देवीजी को जल्दी बैठाओ, फ्लाइट छूट जाएगी!"

*

पहिल्याच थंडीत काकूंनी गजकचं, म्हणजे इकडच्या खुसखुशीत तीळपट्टीचं, पार्सल पाठवलं. पोचेपर्यंत त्याचा पार भुगा.

मंदारचा फोन आला. "आई, मस्त आहे. चमच्याने खातोय."

मला राहवतंय थोडंच! मी मध्येच विचारलं, "कधी खातोस रे? नाश्त्याला?"

"शोभामावशी, नाश्ता, लंच, डिनर, सब में!"

आम्ही सगळे खूप हसलो. संध्याकाळी काकू अंगणातल्या भिंतीवरून डोकावल्या. "शोभा, माणूस जेवणाच्या जागी गजक कधी खातो गं?"

*

मग काकांनी सोफा विकला. आम्हाला म्हणाले, "ढेकूण झाले होते." ढेकूण कसले! बँकेचा माणूस येऊन गेला होता, मी खिडकीतून पाहिला होता.

रविवारी मंदारचा व्हिडिओ कॉल असायचा. रिकामी खोली दिसायला नको म्हणून दोघं ठेवणीतले कपडे घालून आमच्याकडे यायला लागले. माझ्या सोफ्यावर ऐसपैस बसून बोलायचे.

"आई, पडदे नवे घेतले?"

"हो रे, सेल लागला होता."

नेमके आमचे हे बनियनवर समोरून गेले!

"बाबा, हे काका आपल्या घरात असे कसे फिरतायत?"

काकांचा चेहरा जराही हलला नाही. "त्यांच्याकडे नळ आला नाहीये. आंघोळीला आलेत."

*

तिकडे मंदारच्या मागे कायम एक मोठी खिडकी असायची. बाहेर बर्फाने लदलेली झाडं. काकू अख्ख्या मोहल्ल्याला त्याचा फोटो दाखवायच्या.

जून महिना. आमच्याकडे लू चाललेली, कूलरही गरम हवा फेकतोय, आणि मंदारच्या खिडकीत बर्फच!

"किती थंड मुलूख बाई!" काकू म्हणाल्या.

आमची पिंकी मागून बोललीच, "काकूआजी, वो असली थोड़े ही है! फोनमध्येच लावता येतं. पीछे का कमरा छुपाने के लिए."

मी तिला चांगला चिमटा काढला. काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. कॉल संपला तशी पदराने फोन पुसत म्हणाल्या, "आमच्यामागे तुझे पडदे, शोभा. त्याच्या बर्फामागे काय असेल गं?"

*

श्रावणात मंदारची नोकरी गेली. कळलं तेही ऋचाच्या आईकडून. त्यानंतर दोघांचेही फोन बंद.

भाजीवाला रोज विचारायचा, "अम्मा, भैया कब आ रहे हैं?" काकू रोज सांगायच्या, "दिवाली में." एके दिवशी मात्र त्याने विचारलं आणि काकू भेंडी तराजूतच सोडून घरात आल्या.

"मी बहिणी वेगळ्या केल्या, शोभा. म्हणून माझी माणसं तुटली."

काका म्हणाले, "असं काही नसतं." पण दिवसभर चार्जरला लावलेल्या फोनपाशीच बसून राहिले. बाथरूमला गेले तरी दार उघडं!

*

आणि आल्या महालक्ष्म्या. मंदार गेल्यापासून त्यांच्याकडे एक नवीच रीत पडली होती. कनिष्ठेशेजारी ज्येष्ठेचं स्टँड उभं करायचं, त्याला साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि मुखवट्याच्या जागी मोबाइल बांधायचा! आरतीच्या वेळी तिकडून कॉल आला की ज्येष्ठा स्क्रीनवर, कनिष्ठा शेजारी. बहिणींची भेट!

यंदाही काकूंनी साडी नेसवली, मोबाइल बांधला. पुरणावरणाचा स्वयंपाक झाला, निरांजन लागलं. स्क्रीन काळीच. काका तबक घेऊन उभे. मी म्हटलं, "काकू, आरती करून घेऊ या का?"

"थांब. ती आल्याशिवाय नाही."

निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलं आणि फोन वाजला!

स्क्रीनवर चेहरा आला. डोक्यावर पदर, कपाळावर मळवट, नाकात नथ, डोळे मिटलेले. पण ओठ थरथरत होते. चांदीचे ओठ थरथरतात होय? मी पुढे होऊन नीट पाहिलं. ती ऋचा होती! गालांची हाडं वर आलेली. मागे बर्फ नव्हता. पोपडे आलेली भिंत आणि जमिनीवर गुंडाळलेल्या गाद्या.

फोनमागून मंदारचा आवाज आला, "आई... आरती सुरू करा."

चांदीचा मुखवटा कुठे गेला, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. जन्मात पहिल्यांदा मी तो गिळला. काकूंनी बोटावर कुंकू घेतलं आणि स्क्रीनवर टेकवलं.

"काकू, हात नका लावू, कॉल कटेल!" मी ओरडले.

नाही कटला. आरती झाली. ऋचाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्या हातात वाढपाचं ताट दिलं.

"शोभा, ज्येष्ठा यंदा फार वाळलीय गं. आधी तिचं पान वाढ."