तीनशे फॉर्म आणि पुण्याचा मुलगा

उदगीरच्या शरणम्मांची अक्षरा नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय काय, तर लोक मत कुणाचं ऐकून देतात: पेपरचं, टीव्हीचं, की मोबाइलवर आलेल्या कशाचंही. हे शोधायला तीन वर्षं कशाला लागतात, असा प्रश्न गल्लीत सगळ्यांनाच पडलेला. पण विचारायची सोय नाही, पोरगी उलट आपल्याच हातात फॉर्म देते.

सरांनी तिला जळकोट नेमून दिलं. तीनशे घरं, तीनशे फॉर्म, आणि उत्तरं खरी पाहिजेत. महिनाअखेरपर्यंत नाही झालं तर सहा महिने पुढं ढकललं. अक्षरा निघाली. पण सव्वीस वर्षांची बिनलग्नाची पोर परगावात दारोदार एकटी सोडायची कशी? शरणम्मा इरकल नेसून सोबत निघाल्या.

इथंच सगळा घोळ झाला.

फॉर्मवरचे पहिले प्रश्न होते वय, शिक्षण, जात, शेती किती, उत्पन्न किती, घर स्वतःचं का. विचारणारी पोरगी देखणी, आणि शेजारी तिची आई ओठ मिटून घर न्याहाळत बसलेली. आता जळकोटच्या कुठल्या बाईला हे मतदानाचं सर्वेक्षण वाटेल? पहिल्या घरात पोहे आले. दुसऱ्या घरात पोह्यांमागून मुलगा आला, भांग पाडून.

आठवड्यानं अक्षरानं फॉर्म चाळले आणि कपाळावर हात मारला. अख्खं जळकोट अग्रलेख वाचत होतं. आलेला मेसेज तपासल्याशिवाय कुणी पुढं पाठवत नव्हतं. निवडणुकीत उमेदवाराकडून कुणी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. घरोघरी भिंतीवर एकाच रंगाचं घड्याळ होतं खरं, त्यावरचा फोटो तेवढा खरवडलेला. पण ते म्हणे लग्नात आलेलं.

खरं बोलला तो एकच, खत-बियाण्यांच्या दुकानातला संगमेश्वर.

"पेपर घेता का?"

"घेतो की. पुड्या बांधायला."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. दोन विषय अजून माझी वाट बघून राहिलेत."

"मतदान केलं?"

"झोपलो होतो, मॅडम. लिहा बिनधास्त."

तो फॉर्म अक्षरानं वेगळ्या पाकिटात ठेवला. संशोधनासाठीच. असं ती म्हणते.

बाकीचं सगळं पुन्हा करायचं, आणि हातात दिवस उरले बारा. डोकं चालवून ती शेजारच्या उज्वलाकाकूंकडं गेली. काकूंची सख्खी बहीण जळकोटात दिलेली, आणि दोघींचं फोनवर रोज तासभर तरी बोलणं.

"काकू, माझं लग्न ठरलं म्हणून सांगा की."

"अगं बया! कुणासंगं?"

"कुणासंगं न्हाई. नुसतं सांगायचं."

"आन् पोरगं कुठलं म्हणू?"

"म्हणा कुठलं पण."

"पुण्याचं म्हणते. पुण्याचं म्हटलं की कुणी लई खोदत न्हाई."

सकाळी दहाला बातमी सुटली. सव्वादोनला जळकोटहून शरणम्मांना अभिनंदनाचा फोन आला. अक्षरानं वेळ वहीत टिपून घेतली; अफवा कशी पसरते हाही तिच्याच प्रबंधातला भाग. तिसऱ्या दिवसापर्यंत मुलाला हिंजवडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, चष्मा आणि एक लग्न झालेली बहीण मिळाली होती.

"मला न सांगता ठरवलंस?" शरणम्मांचे डोळे भरले.

"अव्वा, खोटं हाय ते. मीच सांगायला लावलं."

"समदं गाव खोटं बोलंल व्हय?" मग पदरानं डोळे पुसून, "फ्लॅट तरी त्याच्या नावावर हाय का?"

शरणम्मा रुसून घरी बसल्या आणि अक्षरा एकटीच जळकोटला गेली. काय तो फरक! पोहे बंद, नुसतं पाणी. आणि उत्तरं धबधब्यासारखी. एका आजीनं तर दारातच सांगून टाकलं, "घड्याळ एकाचं घेतलं, लुगडं दुसऱ्याचं, मत तिसऱ्याला. आन् तिसरा पडला. लिही." आठ दिवसांत दोनशे साठ फॉर्म झाले, एकूण एक खरे. राहिली एक गल्ली, चाळीस घरं. गल्लीच्या तोंडाशी संगमेश्वरचं दुकान.

तो हसला नाही. फॉर्म स्वतःच ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात भरून परत दिला. शिक्षण, बी.एस्सी. पूर्ण. रोज तीन पेपर, अग्रलेखासह. मतदान सकाळी सात वाजता, रांगेत पहिला.

"अभिनंदन, मॅडम," तो म्हणाला आणि वजनकाट्याकडं बघत राहिला.

अक्षरा फॉर्मकडं बघतच राहिली. सगळं गाव खरं बोलायला लागलं, तर हा गडी खोट्यावर उतरला. का, हे समजायला तिला पीएच.डी. लागली नाही.

आता बघा पंचाईत. गप्प राहावं तर चाळीस फॉर्म संध्याकाळपर्यंत हातात. खरं सांगावं तर दुकानात खत घ्यायला आलेल्या दोन बाया कान टवकारून उभ्या. गल्लीत पुन्हा पोहे भिजणार.

"खोटं हाय ते," ती मोठ्यानं म्हणाली. "कुणी पुण्याचा न्हाई. मीच उठवलं."

"असू द्या, मॅडम. तुमच्या काकूंच्या बहिणीनं सांगितलंय."

"अहो, मी सांगून राहिले ना!"

"तुम्ही लाजून म्हणत असाल."

अक्षरा युरियाच्या पोत्यावर बसली. चष्मा, बहीण, फ्लॅट, एकेक करून तिनं सगळं पाडायला घेतलं. त्या दोन बाया केव्हाच बाहेर पडल्या होत्या, आणि फ्लॅटची दुसरी खोली पडायच्या आतच समोरच्या घरातून फोडणीचा वास यायला लागला.

चाळीस फॉर्म राहिले ते राहिलेच. सरांनी सहा महिने वाढवले. पोर आता रडणार म्हणून शरणम्मा पदर सावरून जवळ बसल्या, आणि जळकोटला अजून किती फेऱ्या होतील म्हणून विचारलं.

"लई," अक्षरा म्हणाली, आणि सोमवारची पहिली बस किती वाजता आहे ते बघायला लागली.