आत्याचे बाळांना निरोप

आमच्या आत्याइतकं दुसऱ्यांच्या पोरांच्या मांड्यांवर लक्ष ठेवणारं माणूस अख्ख्या वसईत सापडायचं नाही. माणिकपूरच्या एका दवाखान्यात ती सिस्टर होती, लस टोचायची. लग्नात कुणाच्या कडेवर बाळ दिसलं की नवरानवरीला विसरून ती आधी बाळाच्या वयाची चौकशी करायची. एका बारशाला तर ऐन पाळण्याशी तिने विचारलं, "नाव सावकाश ठेवा, पोलिओचा डोस पाजलाय ना?"

दवाखान्यातून आईबापांना लसीची आठवण करून देणारे मेसेज जाऊ लागले, तेव्हा आत्याला ते फार कोरडे वाटले. मग ती स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या आवाजात निरोप पाठवू लागली, आणि तेही थेट बाळाला. "सोन्या, मंगळवारी यायचं हं. रडलास तरी चालेल." आम्ही हसायचो. ती म्हणायची, "आईबापांना सांगून पाहिलं, आता मुलांशीच बोलते."

पाचूबंदरच्या एका कोळ्याचं नऊ महिन्यांचं पोर मात्र गोवराच्या लसीला येईना, आणि त्यांच्या आळीत गोवराची साथ होती. आत्या रोज निरोप धाडायची. आवाज चढत गेला, 'सोन्या' जाऊन 'काय रे' आलं. पण घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप खोल दर्यात बोटीवर. बोट किनाऱ्याजवळ आली तसे सगळे निरोप एकदम येऊन पडले, बापाने ते मोठ्याने लावले आणि सगळ्याच खलाशांनी आत्याचा ओरडा खाल्ला. बाप मासळीच्या वासासकट, बायकोपोराला रिक्षात घालून दवाखान्यात हजर.

"बाय, आमी दर्यात होतो, पान्यात रेंज नाय. उशीर झाला का?"

उशिरावरून भल्याभल्यांना झापणारी आत्या म्हणाली, "नाही रे बाबा, वेळेवर आलास," आणि तिने लस टोचली. घरी आल्यावर मात्र चहा निवत ठेवून मला म्हणाली, "बापाचा नंबर मीच घेतला. तो बोटीवर जातो हे ठाऊक होतं गं. फोन कुणाजवळ असतो, एवढं विचारायला नको? पोराला काही झालं असतं तर?" तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

पुढच्या डोसाच्या आतच ती निवृत्त झाली. तरी दिवस जवळ येताच रिक्षा करून पाचूबंदरला गेली, त्या आईला तोंडी सांगायला. डोस आदल्याच दिवशी झाला होता. आत्याने मागे त्यांच्या शेजारणीचा नंबर दवाखान्यात लिहून ठेवला होता, त्यावर दवाखान्याचा मेसेज वेळेवर आला होता. पोराने मात्र तिला बघताच आईच्या पदरात तोंड खुपसून भोकाड पसरलं.

"रडला गं मला बघून," घरी आल्यावर ती हरखून सांगत होती. मग चपला काढता काढता हळूच म्हणाली, "हल्ली मला बघून कुणी रडत नाही."