सावंतांचा बसबुसा

माझ्या सासूबाईंची आमटी खारट असते, हे मी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं. (वय लहान, तोंड मोठं!)

पंच्याऐंशीच्या सुमारास थोरले भावजी इजिप्तच्या नोकरीतून महिनाभर सुट्टीवर अंधेरीला आले. उठताबसता एकच जप, "कैरोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे. रोज उभ्या उभ्या बसबुसा खातो. रवा, लोणी, वर साखरेचा पाक! इथे कुठला मिळायला?"

"त्यात काय? मी करते!" मी म्हटलं.

"आणि फसला तर?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तर जन्मात तुमच्या आमटीला नाव ठेवणार नाही!"

घरात ओव्हन नव्हता. पण आमची अख्खी कॉलनी नानकटाई भाजायला नाक्यावरच्या बेकरीत द्यायची. मीही ट्रे भरून, वर 'सावंत' अशी चिठ्ठी ठेवून आले. तासाभराने बेकरीवाल्याने कागदाने झाकलेला ट्रे हातात दिला. "सावंत? ये लो भाभी, गरम है!"

घरी येऊन कागद उचलला, तर आत चाळीस नानकटाया! वाट लागली! तळमजल्यावरच्या काकूही सावंतच, हे मला तेव्हा आठवलं. बाहेरून भावजी ओरडले, "सुनंदा, गरम असतानाच पाक ओत हं!"

म्हटलं, नानकटाईतही थोडा रवा असतोच, रवा तो रवा. नानकटाया कुस्करल्या, थाळीत थापल्या, वर पातेलंभर पाक ओतला आणि वड्या पाडल्या.

भावजींनी घास घेतला. डोळे मिटले.

"अगं, थेट कैरो!" ते म्हणाले.

झालं! मला चढलंच. "आई, आज आमटीत मीठ जरा बेतानं हं!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात ट्रे. "सुनंदा, हा तुझा कसला केक आमच्याकडे आला गं? आणि माझ्या नानकटाया कुठायत?"

सगळ्यांनी आधी थाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमचे हे तर हसून हसून सोफ्यावर आडवे! भावजींनी मात्र माझा खराखुरा बसबुसा शांतपणे चाखला. "रव्याचा केक म्हणून ठीक आहे. पण मघाच्या बसबुशाची सर नाही याला!"

जेवायला बसल्यावर सासूबाईंनी माझ्या वाटीत काठोकाठ आमटी वाढली आणि समोरच उभ्या राहिल्या. "कशी झालीय गं?"

नुसतं मीठ होतं हो!

"झकास!" मी म्हटलं, आणि आणखी एक वाटी मागून घेतली.