वानगीचं पोतं

इनायतुल्ला शेठला गादीवर बसलेलं पाहिलं असं सांगणारा माणूस अकोल्याच्या दाणाबाजारात सापडायचा नाही. माझं गुळाचं दुकान त्याच्या अगदी समोर, म्हणून मी खात्रीनं सांगतो. गादी होती, लोडही होता, पण त्यावर मांजर झोपायचं. हा आपला दारातून आत आणि आतून दारात. माल यायचा असला की सकाळपासून मालधक्क्यावर चकरा. गाडी उशिरा आहे असं कळून परत यायचा आणि पाणी पिऊन पुन्हा निघायचा. पायाला भिंगरी लागलीय म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो हसायचा, पण थांबायचा नाही.

त्याचं कारण त्यानं एकदाच मला सांगितलं. त्याचं आजोळ गोंदियाकडचं. तिकडे एका दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने लाखेच्या डाळीवर दिवस काढले. लाख स्वस्त, कमी पाण्यात येणारी, दळली-भरडली की तुरीसारखी दिसणारी. पण तीच रोज पोटात गेली की माणसाचे पाय जातात. त्याच्या मामाचे गेले.

"मामू दोन काठ्याईवर चाले. पाय कैचीसारखे एकात एक," तो म्हणाला होता. "मले अजूनबी झोपेतून उठलो का पयले पाय हलवून पाहावं लागते."

त्याचा धंदा रायपूरकडून डाळ, चणा, मसूर आणायचा. छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला आणि कालपर्यंत घरचा असलेला माल एकदम परराज्यातला झाला. मग भेसळीचे नियम कडक झाले, आणि साठ साल उलटल्यावर लाख विकायलाच बंदी आली. बाजारातले कितीतरी शहाणे तुरीत लाख मिसळून मोकळे व्हायचे. मला त्यांची चीड यायची, पण माझ्या चिडण्याला कोण विचारतो? इनायत मात्र आलेल्या प्रत्येक पोत्यात परखीची नळी खुपसायचा, तळहातावर दाणे पसरायचा आणि एकेक निरखायचा. चपटा, कोनदार दाणा दिसला की त्याचा चेहरा उतरायचा.

आता आमच्या बाजाराची एक रीत सांगतो. माल विकायला आलेला माणूस आधी मूठभर वानगी दाखवतो. सौदा होवो न होवो, वानगी परत द्यायची नाही, आणि धान्य पायाखाली जाऊ द्यायचं नाही. ती दुकानाच्या कोपऱ्यातल्या पोत्यात टाकायची. दर जुम्म्याला ते पोतं दुकानाच्या हमालाचं. इनायतचा हमाल डोमाजी. तो धम्मदीक्षा घेऊन आला तेव्हापासून त्याच्या घरानं कुणाचं उरलंसुरलं घेणं बंद केलं होतं. वानगी घ्यायचे, कारण ती दया नव्हती, हमालाचा हक्क होता.

माघात भेसळीचा तपासनीस आला. इनायतनं छाती काढून सगळी पोती उघडून दिली. तुरीत काही निघालं नाही. निघताना तपासनिसाची नजर कोपऱ्यात गेली.

"ते काय?"

"तो माल नाही साहेब. वानगी हाय. हमालाले द्याची हाय."

"म्हणजे खाण्यासाठीच ना?" तपासनिसानं त्यातलाही नमुना घेतला, बाटल्यांत भरून सील केला आणि गेला.

प्रयोगशाळेचा निकाल आला: त्या नमुन्यात लाख होती, आणि बरीच होती. इनायत कागद हातात धरून आत-बाहेर करत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि माझ्याही. लाख मिसळलेली प्रत्येक वानगी त्यानं ओळखली होती, सौदा तोडला होता, विकणाऱ्याला चार शब्द सुनावले होते आणि बोलता बोलता हातातली मूठ सवयीनं त्या पोत्यात टाकली होती. बाजारभरची लाख त्यानंच डोमाजीच्या घरी पोचवली होती.

खटल्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला आठवले ते डोमाजीचे पाय. थंडीत पोटऱ्या आखडतात असं डोमाजी म्हणाला होता. इनायत त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या मूठपसा मिसळीनं असं होत नाही. इनायतनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी डोमाजीला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. दोघांनी तेच सांगितलं, तरी त्याच्या चकरा वाढल्या. जेवण सुटलं. खातूनबी, त्याची बायको, मला म्हणाली, "भाई, अंगणात येरझाऱ्या घालून यानं जमीन घासून टाकली."

वकील भगवंतरावांनी वाट काढली. ते पोतं गुरांसाठी होतं असं सांगायचं, आणि डोमाजीनं साक्ष द्यायची. मग माणसांच्या अन्नाचा कायदा लागतच नाही. सल्ला पक्का होता. ते विचारायला इनायत डोमाजीच्या दारी गेला, मी सोबत होतो.

"सांगतो ना," डोमाजी लगेच म्हणाला. "तुमच्यासाठी येवढं नाही करन काय?"

त्याची बायको भागीरथा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. "शेठ, ते माह्या लेकराईनं खाल्लं हाय. भर कोर्टात याच्या तोंडानं जनावराईचं म्हणायले लावता?"

डोमाजी तिला गप्प बस म्हणाला. तिनं नजर खाली केली नाही. इनायत तसाच बाहेर पडला. घरी यायला आम्हाला फार वेळ लागला, कारण तो वाट सोडून भलतीकडेच चालत होता.

तारखेला कोर्टात आम्ही सगळे होतो. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "ते धान्य कशासाठी ठेवलं होतं?" भगवंतरावांनी डोळ्यांनी खूण केली. इनायत कठड्याला धरून उभा होता, आणि मी पहिल्यांदाच त्याचे पाय स्थिर पाहिले.

"खायासाठी," तो म्हणाला. "माणसाईच्या. माह्या माणसाच्या घरी जाये."

भगवंतरावांनी कागद मिटले. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली, दंड झाला, आणि बाजारात महिनाभर त्याच्या नावाची चर्चा झाली. ज्यांनी जन्मभर लाख विकली तेही त्यात तोंड घालायचे. मला त्यांच्या तोंडावर गुळाची ढेप मारावीशी वाटायची. वानगीचं पोतं त्यानं प्रयोगशाळेचा कागद आला त्याच दिवशी बंद केलं होतं. हमालाचा हक्क तो तुरीच्या चांगल्या पोत्यातून मापून देऊ लागला होता.

त्या तारखेला कोर्टातून आम्ही चालत परतलो. डोमाजी पुढे झपाझप चालला होता, इनायत मुद्दाम मागे राहिला होता. त्याची नजर डोमाजीच्या टाचांवरून हलत नव्हती. डोमाजीला ते जाणवलं. तो वळला.

"काय पाहून राहिले मांगून?"

"काही नाही," इनायत म्हणाला. "तू चाल."